गाणी खणखणीत, आलाप मात्र दबका

प्रश्न : मी बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ९९० प्रो (२५० ओहम) हेडफोन घेतला आणि पीसीच्या पुढच्या सॉकेटमध्ये लावला. सिनेमाची नवी गाणी चांगली मोठी ऐकू येतात. पण ख्यालाचं मुद्रण लावलं की आवाज पूर्ण वाढवूनही आलाप दबल्यासारखा वाटतो, तंबोरा तर जवळजवळ नाहीसाच होतो. रात्री गेम खेळताना स्फोट दणदणीत, पावलांचा आवाज मात्र पुसट. मित्र म्हणतो, भारी डेस्कटॉप ॲम्प्लिफायर घे, सगळं संगीत उघडेल आणि शत्रू कुठून येतोय तेही कळेल. त्याने सुचवलेल्याची किंमत हेडफोनच्या दुपटीहून जास्त आहे. हेडफोन तोच, सॉकेट तेच, मग गाण्यागाण्यात हा भेदभाव का? आणि एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. हेडफोन किंवा सॉकेट बिघडलेलं असतं तर सिनेमाची गाणीही फिकी वाटली असती. ती तशी वाटत नाहीत. म्हणजे फरक मुद्रणात आहे आणि तो भरून काढायला तुमचं सॉकेट अपुरं पडतंय. ॲम्प्लिफायर घ्या, असंच मी सांगेन. मात्र मित्राने सुचवलेला नको, आणि त्याने दिलेल्या कारणासाठी तर नकोच.

आधी मुद्रणाकडे पाहू. डिजिटल मुद्रणात आवाजाला एक कमाल पातळी ठरलेली असते, तिच्यावर जाता येत नाही. आजकालची सिनेगीतं तयार करताना हळू भाग वर उचलतात, मोठे भाग दाबतात आणि सगळं गाणं त्या कमाल पातळीला खेटून ठेवतात. ढोबळ हिशेबाने अशा गाण्याची सरासरी पातळी कमाल पातळीच्या १० डेसिबल खाली धरा. ख्यालाच्या चांगल्या मुद्रणात असं करत नाहीत, करूही नये. द्रुत लयीत तबल्याची थाप कमाल पातळीपर्यंत जाते, त्यामुळे सुरुवातीचा आलाप तिच्या ३० डेसिबल खालीसुद्धा असू शकतो. गेमचंही तेच. स्फोटासाठी वर जागा राखायची तर पावलं खालीच राहणार.

आता तुमच्या हेडफोनचा हिशेब. कंपनीच्या माहितीपत्रकानुसार त्याला १ मिलिवॅट शक्ती दिली की ९६ डेसिबल आवाज मिळतो. २५० ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॅट पोहोचवायला अर्धा व्होल्ट लागतो. पीसी-लॅपटॉपच्या साध्या सॉकेटमधून बहुतेक वेळा अर्धा ते एक व्होल्टच मिळतो. आपण अर्धा धरू. म्हणजे बटण पूर्ण फिरवल्यावर तुमची कमाल ९६ डेसिबल. सिनेगीत त्याच्या १० खाली, म्हणजे ८६ वर. ते मोठंच वाटणार. आलाप ३० खाली, म्हणजे ६६ वर. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तो आवाज ६० च्या आसपास असतो. शिवाय डीटी ९९० मागून उघडा हेडफोन आहे. छताचा पंखा, पीसीचा पंखा, खिडकीबाहेरची रिक्षा, सगळं आत येतं. त्या गोंगाटात तंबोऱ्याचा स्वर बुडाला तर दोष हेडफोनचा नाही आणि गायकाचा तर नाहीच.

हाच आलाप ८० डेसिबलवर आणायचा तर १४ डेसिबल हवेत. त्यासाठी व्होल्टेज पाचपट लागतं, म्हणजे अडीच व्होल्ट. आणि शक्ती किती? अवघी २५ मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा चाळिसावा भाग. हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुकानातली निम्मी चर्चा तिथेच संपते. जाहिरातीतले ‘२ वॅट’, ‘३ वॅट’ हे आकडे सहसा १६ किंवा ३२ ओहमच्या हेडफोनसाठी दिलेले असतात. तुम्ही माहितीपत्रकात २५० किंवा ३०० ओहमपुढचा आकडा शोधा, किंवा कमाल व्होल्टेज पाहा. चार व्होल्ट देणारा ॲम्प्लिफायर तुमच्यासाठी भरपूर आहे, आणि तेवढं आजचे साधे डेस्कटॉप ॲम्प सहज देतात.

ओहम जितके जास्त तितका हेडफोन चालवायला अवघड, असा एक समज आहे. तो अर्धवट खरा आहे. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण त्याची संवेदनक्षमता मिलिवॅटला ८३.५ डेसिबल इतकी कमी आहे. तुमच्याइतकाच आवाज काढायला त्याला सुमारे ४५० मिलिवॅट लागतात, तुमच्या अठरापट. वरच्या मजल्यावरच्या नळाला पाण्याचा दाब लागतो, तळमजल्यावरच्या मोठ्या नळाला भरपूर पाणी लागतं. तुमचा हेडफोन वरच्या मजल्यावरचा आहे. त्याला व्होल्टेज हवं, विद्युतप्रवाह थोडासाच, जेमतेम १० मिलिअँपिअर. म्हणून ओहम आणि संवेदनक्षमता हे दोन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नये. मुळात असे हेडफोन स्टुडिओसाठी बनले. तिथल्या यंत्रांना व्होल्टेजची ददात नव्हती आणि एकाच आउटपुटवर अनेक हेडफोन जोडावे लागत. तोच हेडफोन आपण घरच्या पीसीला लावतो आणि कोड्यात पडतो.

आता मित्राचं ‘संगीत उघडेल’ हे म्हणणं. त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं असणार, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण त्याने काय ऐकलं, ते तपासायला हवं. १९३३ साली बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खर्जातले सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की खर्ज भरतो, कडा स्पष्ट होतात. नवा ॲम्प्लिफायर जोडताना बटण जरा पुढे गेलं की तेवढ्यानेच डग्गा घुमू लागतो, आणि श्रेय मात्र महागड्या डब्याला मिळतं. दोन ॲम्प खरोखर ताडून पाहायचे तर पातळी समान करावी लागते. २०० हर्ट्झचा एकसुरी आवाज लावा, हेडफोन जोडलेला असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्हीकडे सारखा आकडा आणा, आणि कोणता चालू आहे हे दुसऱ्याला ठरवू द्या. असं केल्यावर चांगल्या बनावटीच्या दोन ॲम्पमधला फरक सांगता येणं फार कठीण जातं.

हे काही मी नव्याने सांगत नाही. २०११ मध्ये ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाच्या एका अज्ञात अभियंत्याने ऑब्जेक्टिव्ह-२ नावाच्या ॲम्पचा आराखडा मोजमापांसह सगळ्यांसाठी खुला केला. साधे, स्वस्त सुटे भाग नीट वापरले तर आवाजात काहीही न मिसळणारा ॲम्प बनवता येतो, हे त्याने दाखवलं. पुढच्याच वर्षी तो माणूस लिहायचा थांबला, पण त्याचा आराखडा टिकला. आज जेडीएस लॅब्जचा ॲटम, शीटचा मॅग्नी किंवा टॉपिंगचे लहान ॲम्प याच वर्गातले आहेत, आणि तुमच्या हेडफोनला त्यातला कोणताही पुरतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पची गोष्ट वेगळी. त्यातले बरेच मूळ आवाजात स्वतःचा रंग मिसळतात. कुणाला तो आवडतो. आवडत असेल तर जरूर घ्यावा, फक्त ती सुधारणा नव्हे, चव आहे.

खर्च करण्याचं दुसरं, आणि माझ्या मते तितकंच चांगलं कारण म्हणजे शांतता. पुढच्या सॉकेटची वायर पीसीच्या डब्यातून ग्राफिक्स कार्डाशेजारून जाते. माउस हलवला की बारीक किरकिर येते का, ऐकून पाहा. ती आलापाच्या बरोबर मधल्या शांततेत ऐकू येते. म्हणून नुसता ॲम्प त्याच सॉकेटला जोडू नका, किरकिरही मोठी होऊन येईल. यूएसबीवर चालणारा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचं विद्युतलहरीत रूपांतर करणारं यंत्र, आणि ॲम्प हे दोन्ही एकाच डब्यात मिळतात. तसा घ्या.

त्यानंतरही ५० हर्ट्झची घुमणारी गुणगुण आली तर संशय घराच्या अर्थिंगवर घ्या. आपल्याकडे कितीतरी घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, त्याचं कारण बहुधा हेच. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि पीसी, मॉनिटर, ॲम्प एकाच बोर्डवरून चालवा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते जिवाशी खेळणं आहे, कुणी सुचवलं तरी करू नका.

गेमबद्दल मात्र मित्राची चूकच आहे. आवाज कुठून येतो हे मेंदूला मुख्यतः दोन कानांमधल्या फरकावरून कळतं. अगदी बाजूने येणारा आवाज दूरच्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिरा पोहोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा हळू होतो. हे फरक गेमचा प्रोग्राम आधीच मोजून दोन्ही बाजूंच्या आवाजात घालतो. ॲम्पने ते जसेच्या तसे पोहोचवायचे असतात. दिशा त्याच्याकडे नसतेच. पावलं स्पष्ट व्हावीत म्हणून गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ असा पर्याय आहे का, ते पाहा. स्फोट खाली येतात, पावलं वर येतात, आणि खर्च शून्य. आणखी एक फुकटचा प्रयोग ॲम्प घेण्याआधी करा. हेडफोन पीसीच्या मागच्या हिरव्या सॉकेटमध्ये लावून पाहा. काही मदरबोर्डवर तिथला आवाज जास्त मोठा आणि स्वच्छ असतो.

घेताना ‘बॅलन्स्ड’, म्हणजे प्रत्येक कानाला स्वतंत्र वायरजोडी देणाऱ्या, आउटपुटसाठी जादा पैसे मोजू नका. त्यात व्होल्टेज जास्त मिळतं हे खरं, पण तुम्हाला त्याची गरज नाही, आणि डीटी ९९० प्रोची ती गुंडाळ्यांची वायर हेडफोनमध्ये कायमची बसवलेली असते. ती कापल्याशिवाय बॅलन्स्ड जोडणी होणार नाही. गेन, म्हणजे ॲम्प आवाज किती पट वाढवतो ते, बदलण्याचं बटण मात्र असावं. कमी गेनवर सुरू करा आणि आलापाला पुरेना, तेव्हाच वाढवा. आवाजाचं बटण थोडंसंच फिरवल्यावर आवाज मोठा झाला, म्हणजे ॲम्प ताकदवान, असंही समजू नका. त्यातून फक्त गेन जास्त असल्याचं कळतं. उलट, अनेक ॲम्पच्या बटणात अगदी सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा आवाज सारखा नसतो, त्यामुळे बटण मध्याच्या आसपास वापरता यावं, हे चांगलं. माइक पूर्वीसारखाच पीसीच्या गुलाबी सॉकेटला लावा, कारण बहुतेक डेस्कटॉप ॲम्पवर माइकची सोय नसते.

राहिली एक काळजी, आणि ती मी मनापासून सांगतो. आलापासाठी तुम्ही १४ डेसिबल वाढवले की त्याच बटणावर पुढचं सिनेगीत ८६ ऐवजी १०० डेसिबलवर कानात शिरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम वीसेक मिनिटांवर. तेव्हा ख्याल आणि सिनेगीतं एका यादीत मिसळू नका, किंवा प्लेअरमधला ‘व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन’ पर्याय सुरू ठेवा. आणि गेम सुरू करण्याआधी बटण आधी खाली आणा, मग गरजेपुरतं वर न्या.