आरोग्य पाठ : दहा दिवसांचा हिशेब



उसाचा हिशेब आपण बोटांवर करतो. लागण कधीची, तोड कधी, काट्यावर किती टन भरलं, सगळं तोंडपाठ. साथीच्या आजाराचा हिशेब मात्र आपण करीत नाही आणि तिथंच फसतो. या पाठात तोच हिशेब मांडू. उदाहरण घाटाखालचं, कोकणातलं घेतलं आहे.

अंजनवेलच्या तालुक्यात काय झालं?

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं अंजनवेल गाव आहे. गोपाळगड किल्ला तिथलाच. तालुका गुहागर. इकडची बरीच माणसं पोटासाठी मुंबईला असतात. त्यांना चाकरमानी म्हणतात. मार्च 2020 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातला करोनाचा पहिला रुग्ण याच गुहागर तालुक्यात सापडला. पुढं मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावाकडं परतू लागले. घरी म्हातारे आईबाप, मोठा दवाखाना लांब. पोटच्या पोराला दारात अडवायचं कसं, आणि घरात घ्यायचं तरी कसं?

कोकणातल्या अनेक गावांनी मधली वाट काढली. आलेल्या माणसाला शाळेत किंवा रिकाम्या घरात ठेवायचं, जेवणपाणी पोचवायचं, मुदत संपली की घरात घ्यायचं. त्या वर्षी गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती. सरकारनं सांगितलं, 12 ऑगस्टच्या आत गावी पोचा आणि 10 दिवस वेगळे राहा. म्हणजे गणपती बसेपर्यंत मुदत पुरी होत होती. सण बुडाला नाही, माणूसही तुटला नाही.

दहा दिवसच का?

विषाणू अंगात शिरल्याबरोबर ताप येत नाही. तेव्हाच्या करोनाची लक्षणं 2 ते 14 दिवसांत, बहुतेकांना 5-6 दिवसांत दिसत. शिवाय लक्षणं दिसण्याआधी एकदोन दिवस तो माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकत असे. म्हणून “मला काही होत नाही” हा पुरावा नव्हे. दिवस मोजणं हाच पुरावा.

आपल्या फडात हाच प्रश्न

कोकणात चाकरमानी, तसं आपल्याकडं ऊसतोडणी टोळ्या. मार्च 2020 च्या टाळेबंदीत राज्यात लाखाहून अधिक तोडणी कामगार कारखान्यांच्या भागात अडकले. एप्रिलमध्ये तपासणी करून त्यांना गावी जाण्याची परवानगी मिळाली. ते दिवस आपण विसरलो नसू.

आता खरी अडचण बोलू. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल घेतलेली, मजुरी टनावर. ताप आला असं सांगितलं तर दिवस बुडतो. म्हणून ताप लपतो. आणि आपणही मुकादमाला म्हणतो, “आज गाडी भरलीच पाहिजे.” ताप लपवायला आपणच लावतो, मग तोच ताप कोपीतून फडात आणि फडातून आपल्या घरी येतो. आजारी माणसाला हाकललं तर पुढचा माणूस ताप सांगणारच नाही. त्याची सोय केली तर तो पहिल्या दिवशी सांगेल. कोकणातल्या गावांकडून घ्यायचा धडा हाच.

घरोघरी पाळावयाचे नियम

जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाची आणीबाणी मे 2023 मध्ये संपवली. पण विषाणू गेलेला नाही, फ्ल्यूही दरवर्षी येतो. म्हणून ही शिस्त कायमची.

1. ताप-खोकला असेल त्यानं वेगळ्या, हवेशीर जागी झोपावं. पडवी किंवा ओसरी चांगली. बंद खोलीत श्वासातले कण साचतात, वाऱ्यानं ते पांगतात. माजघरातल्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

2. आजारी माणसानं आणि त्याची सेवा करणाऱ्यानं मास्क लावावा. नाक उघडं ठेवून लावलेला मास्क काही कामाचा नाही.

3. साबणानं 20 सेकंद हात चोळावेत. या विषाणूंचं कवच चरबीचं असतं, साबण ते फोडतो. पाणी-साबण नसेल तिथं किमान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर वापरावं. 2020 मध्ये अनेक साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी हेच बनवलं होतं.

4. तापाचं औषध न घेता ताप उतरून पुरा एक दिवस झाल्याशिवाय फडात, दूध डेअरीवर किंवा लग्नाला जाऊ नये. त्यानंतरही पाच दिवस माणसांत मास्क लावावा.

5. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बरळणं किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली जाणं, यातलं एकही दिसलं तर रात्रच का असेना, दवाखाना गाठावा. साठीपुढची माणसं, गरोदर बाया, मधुमेहाचे व रक्तदाबाचे रुग्ण यांनी तर ताप येताच डॉक्टरांना दाखवावं.

6. अँटिबायोटिक गोळी विषाणूवर चालत नाही. दुकानातून आणून मनानं घेऊ नये.

7. टोळीत कुणी आजारी पडलं तर वेगळी कोपी, पिण्याचं पाणी आणि दोन वेळचं जेवण द्यावं. बुडालेल्या मजुरीचं काय करायचं, हे हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाशी बोलून ठरवावं.

गावच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या घरात आजारी माणसासाठी वेगळी जागा कोणती?
2. आपल्या फडातला कामगार ताप आल्याचं आपल्याला सांगेल का? नसेल, तर का नाही?
3. गावात वेगळं राहण्यासाठी शाळा, समाजमंदिर यांपैकी काय वापरता येईल? जेवण कोण पोचवील?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यानं त्यानं मनाशी खरं द्यावं. अंतर ठेवायचं ते आजारापासून, माणसापासून नव्हे.