भरतीची धाव आणि वाढत्या वयाची हाडे

पहाटे पाचच्या सुमारास बेळगावहून खानापूरकडे निघालेल्या प्रवाशास एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेने पाच-दहा मुलांचा जथा धावत असतो. पायांत साधे कॅनव्हासचे बूट आणि पुढच्याच्या मनगटावर घड्याळ. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून या शहरात आहे आणि सीमाभागातील अनेक घरांत लष्करी सेवेची परंपरा आहे. ही धाव म्हणजे त्या परंपरेचा आणि पुष्कळदा त्या घराच्या चरितार्थाचा प्रश्न असतो.

जवानांच्या शारीरिक क्षमतेविषयी एका बालरोगतज्ज्ञाने लिहावे, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. त्याचे उत्तर वयात आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा प्रवेशाचे किमान वय साडेसतरा वर्षे ठेवले गेले. म्हणजे तयारीस लागणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो. तो उद्याचा जवान असला तरी आज आपलाच रुग्ण आहे.

इतिहासाचा दाखला

सैनिकाची तंदुरुस्ती बालपणी घडते, हे वैद्यकशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटनमध्ये भरतीस आलेल्या तरुणांपैकी फार मोठा हिस्सा शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरला. या विषयाच्या चौकशी समितीचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९०६ मध्ये शाळकरी मुलांच्या जेवणाचा आणि १९०७ मध्ये शालेय वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. चिंता सैन्याची होती, उपाय मात्र मुलांच्या ताटापासून सुरू करावा लागला.

एक नडगी, एक चूक

काही वर्षांपूर्वी माझ्याकडेच सर्व लसी घेतलेला एक मुलगा आईसोबत आला. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि नंतर मैदानी चाचणी असा क्रम झाला आहे. लेखीत उत्तीर्ण होईपर्यंत हा मुलगा फारसा धावलाच नव्हता. निकाल लागताच त्याने डांबरी रस्त्यावर रोज आठ किलोमीटर धावण्यास आरंभ केला. पंधरा दिवसांत उजवी नडगी दुखू लागली. मी एक्स-रे काढविला. तो निर्दोष आला. स्नायूंचा ताण समजून मी वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि चार दिवसांची विश्रांती सांगितली.

गोळ्यांनी वेदना थांबली आणि तो पुन्हा धावला. तीन आठवड्यांनी तो लंगडत आला, तेव्हा एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाचा स्ट्रेस फ्रॅक्चर स्पष्ट दिसला. मैदानी चाचणी हुकली. त्या माउलीने मला एका शब्दाने बोल लावला नाही, हे अधिक लागले.

आता कारण पाहू. वाढत्या भारास हाड प्रतिसाद देते, परंतु त्याचा क्रम उलटा असतो. आधी जुना भाग झिजविला जातो आणि नवा भाग मागाहून भरून येतो. मधल्या आठवड्यांत हाड तात्पुरते दुर्बल असते. श्वास आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड मागे राहते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे निर्दोष असू शकतो. म्हणून बोटाने दाबून एकाच बिंदूवर तीव्र दुखते का आणि त्या एका पायावर उडी मारता येते का, हे पाहावे. उत्तर संशयास्पद असेल तर धावणे तत्काळ बंद करावे. दुखण्यावर गोळी घेऊन धावणे म्हणजे घरात धूर दिसताच डोळे मिटून घेणे होय.

उष्म्याचा धोका

बेळगावच्या गार पहाटे सराव केलेला मुलगा उष्ण, दमट गावी धावण्यास उतरतो, तेव्हा दुसरा धोका उभा राहतो. उष्म्याशी जुळवून घेण्यास शरीरास साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्या अवधीत रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि घामातून क्षार कमी जातात.

श्रमजन्य उष्माघातात त्वचा कोरडी असतेच असे नाही. घामाने निथळणारा मुलगाही उष्माघातात असू शकतो. धावताना वा धावल्यावर कोणी असंबद्ध बोलू लागला वा कोसळला, तर शरीराचे तापमान गुदमार्गे मोजावे. ते ४० अंश सेल्सियसच्या वर असल्यास त्याला जागीच थंड पाण्यात बसवावे वा सतत थंड पाणी ओतावे. आधी थंड करावे, मग रुग्णालयात न्यावे. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरविणे हे उद्दिष्ट ठेवावे. येथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. निर्जलित शरीरात वेदनाशामके मूत्रपिंडास इजा करतात, हेही मुलांना बजावून सांगावे.

आपण काय करावे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील सुमारे ३१ टक्के मुलांत आणि ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. अग्निवीर भरतीत पहिल्या गटाचे गुण मिळविण्यासाठी मुलांना १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापावे लागते. कमी हिमोग्लोबिनवर ही वेळ गाठणे कठीण आहे. म्हणून भरतीची इच्छा बोलून दाखविणाऱ्या प्रत्येक मुलाची किमान सहा महिने आधी तपासणी करावी.

हिमोग्लोबिन पाहावे, आहारातील दूध, डाळ, अंडी व नाचणी यांची विचारपूस करावी. धावताना कधी शुद्ध हरपली होती का, कुटुंबात तरुण वयात कोणाचा आकस्मिक मृत्यू झाला होता का, हे दोन प्रश्न न विसरता विचारावेत. उत्तर होकारार्थी असल्यास ईसीजी व इको करावा. मुलींची पाळी थांबली असेल, तर आहार अपुरा पडत असल्याची शंका घ्यावी. धावण्याचे अंतर हळूहळू वाढवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि शक्यतो मातीवर धावावे.

बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला आणि २०१५ मध्ये स्पर्धात्मक धावण्याकडे वळला. राष्ट्रकुल स्पर्धेतील ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक त्याला २०२२ मध्ये मिळाले. मध्ये सात वर्षे गेली. लहानपणी शाळेची काही किलोमीटरची वाट त्याने पायी तुडविली होती, तीही याच हिशेबात धरावी.

माझा तो रुग्ण पुढच्या खेपेस सात महिन्यांच्या तयारीने उतरला आणि निवडला गेला. मागील महिन्यात त्याची आई धाकट्या मुलास घेऊन आली. तो अकरा वर्षांचा आहे. "डॉक्टर, ह्याचं आत्तापासूनच बघा," एवढेच ती म्हणाली. जागतिक आरोग्य संघटना या वयास रोज सरासरी ६० मिनिटे व्यायाम सांगते. मी त्या मुलास मैदानावर पाठविले आणि आईस नाचणीची भाकरी सांगितली. औषध काहीच लिहून दिले नाही.

व्यवसायबंधूंनो, आपल्या दवाखान्यात वजनकाट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी काही उद्या सीमेवर उभी राहतील. त्यांच्या हाडांसाठी वेळ राखून ठेवणे हे आपले काम आहे.