एमआरआय चांगला, तरी डोकं का थकतं?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूतल्या गाठीवर शाळेत असताना मुंबईत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालं. आता तो आमच्याकडे राहून शिकतो. दरवर्षीचा एमआरआय चांगला येतो. पण सिल्व्हिया पार्क मॉलच्या गर्दीत गेलं की त्याचा बोलण्याचा धागा सुटतो, साध्या प्रश्नालाही उत्तर द्यायला वेळ लागतो आणि दुपारपर्यंत तो गळून जातो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. खरंच तसं आहे का?
— एक वाचक, माउंट वेलिंग्टन, ऑकलंड

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यात आळसाची खूण दिसत नाही, तेव्हा तो शब्द आधी घरातून हद्दपार करा. गाठ पुन्हा वाढते आहे का, हे एमआरआयमधून कळतं. डोकं किती वेगानं चालतं, हे त्यातून कळत नाही.

मेंदूच्या पेशींना जोडणाऱ्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण असतं, म्हणून संदेश झटपट पोचतात. गाठ, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन या तिन्हींमुळे या तंतूंना इजा होऊ शकते. रेडिएशनचा परिणाम तर कित्येकदा काही वर्षांनी जाणवू लागतो. बहुतेक वेळा आधी विचाराचा वेग मंदावतो. लक्ष आणि ताजी स्मरणशक्तीही कमी पडते. कोवळ्या वयात उपचार झालेली मुलं शिकलेलं सहसा विसरत नाहीत. नवं शिकण्याची गती कमी पडते, आणि बरोबरीच्यांशी अंतर वाढत जातं.

हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं फार गांभीर्यानं घेतला. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2012 या काळात सौम्य किंवा हळू वाढणाऱ्या गाठी असलेल्या 3 ते 25 वर्षांच्या 200 रुग्णांची दोन गटांत चाचणी घेतली. एका गटाला नेहमीचं रेडिएशन दिलं, दुसऱ्याला गाठीपुरतं नेमकं बेतलेलं. 2017 साली निष्कर्ष छापून आले : नेमक्या रेडिएशनच्या गटात पाच वर्षांनंतर बुद्ध्यांक अधिक टिकून होता. हार्मोन्सचे नवे बिघाड 51 टक्क्यांऐवजी 31 टक्क्यांत दिसले. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता.

यातली हार्मोन्सची बाब भावासाठी महत्त्वाची. हार्मोन्सवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला रेडिएशन पोचलं असेल, तर थायरॉइड किंवा कॉर्टिसोल कमी होऊन असाच थकवा येतो, आणि त्यावर औषध आहे. फिटच्या गोळ्या, अपुरी झोप, नैराश्य यांनीही डोकं जड होतं. मुंबईहून उपचारांचा सारांश मागवा : किती डोस, मेंदूच्या कोणत्या भागाला. तो तुमच्या जीपींना (फॅमिली डॉक्टरांना) दाखवून रक्ततपासण्या आणि न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीसाठी रेफरल मागा. न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या मेंदूच्या इजेचा खर्च एसीसी ही सरकारी अपघात-भरपाई संस्था उचलते. गाठ हा आजार असल्यानं त्यात बसत नाही. त्यामुळे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

घरी एका वेळी एकच गोष्ट सांगा. विचारल्यावर थांबा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. टीव्ही बंद करून बोला. अवघड अभ्यास सकाळी, दुपारी थोडी विश्रांती, रोज चालणं आणि फोनवर आठवणीचे अलार्म, एवढ्यानंही दिवस सुसह्य होतो.

तपासणीचा अहवाल आला की तो कॉलेजला दाखवून परीक्षेत जादा वेळ आणि शांत खोली मागा. मागताना संकोच करू नका, तो त्याचा हक्क आहे.