फॅमिली डॉक्टर आणि बदलता काळ

मोठ्या रुग्णालयांचा इतिहास लिहिला जातो. त्यांच्या कोनशिला असतात, वार्षिक अहवाल असतात, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली असतात. एका खोलीच्या दवाखान्याला असा इतिहास नसतो. रस्त्यालगतची खोली, बाहेर रुग्णांसाठी बाक, मधे अर्धा पडदा, आत टेबल, दोन खुर्च्या आणि रुग्णाला निजवून तपासण्याचे उंच टेबल एवढाच त्याचा पसारा असतो. तरीसुद्धा आजारी माणसाची पावले बहुधा प्रथम तिकडेच वळतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील फेरीत असे दिसून आले की, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी सुमारे ३० टक्के उपचार सरकारी ठिकाणी, तर ४० टक्क्यांहून अधिक उपचार खाजगी डॉक्टरांकडे वा त्यांच्या दवाखान्यात झाले होते.

शासनाचा वा कंपनीचा पगार न घेता, स्वतःच्या नावाची पाटी लावून आणि स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णांना तपासणारा हा डॉक्टर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेक स्थित्यंतरांतून गेला आहे. प्रत्येक स्थित्यंतराने त्याच्या हातून काही ना काही काढून घेतले. तरीही तो टिकला. तो कशाच्या बळावर टिकला आणि कोठे उणा पडला, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

मांडवीतील निदान

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात काही रुग्ण तीव्र तापाने आणि जांघेतील गाठींनी आजारी पडले. त्या वस्तीत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश हे मूळचे गोव्याचे डॉक्टर खाजगी व्यवसाय करीत होते. ही गाठीच्या प्लेगची साथ आहे, असे निदान त्यांनी केले आणि ते महानगरपालिकेपुढे मांडले. सुरुवातीस या निदानाविषयी शंका घेतल्या गेल्या, परंतु जंतुशास्त्रीय तपासणीने पुढे ते खरे ठरविले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, साथीचा माग प्रथम लागला तो एका खाजगी डॉक्टरला. तो वस्तीतच वावरत होता, घरोघर जात होता. त्यामुळे नेहमीचा ताप कोणता आणि नेहमीचा नव्हे तो कोणता, हा फरक त्याच्या नजरेत भरला. दुसरी गोष्ट अशी की, निदान झाल्यानंतर पुढचे काम त्याला एकट्याला करता येण्याजोगे नव्हते. गटारे साफ करणे, घरांचे निर्जंतुकीकरण करणे, लस तयार करणे ही कामे नगरपालिकेची, सरकारची आणि प्रयोगशाळेची होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला. स्वतंत्र डॉक्टरचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही अशी एकाच प्रसंगात दिसून आली.

मिश्रणाची बाटली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दवाखान्याचा खरा आधारस्तंभ कंपाउंडर हा होता. डॉक्टर नाडी पाही, जीभ पाही, छातीला नळी लावी आणि कागदाच्या कपट्यावर चार अक्षरे लिही. फळीमागे उभा असलेला कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून द्रव्ये काढून मिश्रण तयार करी. रुग्ण घरून बाटली घेऊन येई. त्या बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटविली जाई. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. पैसे घेतले जात ते औषधाचे. तपासणी आणि सल्ला यांची किंमत त्यातच धरलेली असे, ती कोणी वेगळी विचारीत नसे.

या डॉक्टरांपैकी बरेचसे एल. सी. पी. एस. किंवा एल. एम. पी. अशा अक्षरांनी ओळखले जाणारे, पदवीऐवजी पदविका घेतलेले होते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणी झालेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते. म्हणजे साधारणपणे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असे प्रमाण पडत होते. त्यांत पदवीधरांपेक्षा पदविकाधारकांची संख्या अधिक होती. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले तरी समितीने यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, म्हणजे पदवीधर असावा, अशी शिफारस केली. पदविकेचे अभ्यासक्रम हळूहळू बंद झाले. जुने डॉक्टर व्यवसाय करीत राहिले, पण त्यांची जागा घेणारी पिढी त्या वाटेने येणार नव्हती.

याच सुमारास औषधांचे स्वरूपही पालटले. सल्फा औषधांपाठोपाठ पेनिसिलिन आले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या आणि कुप्या औषधांच्या दुकानांत मिळू लागल्या. १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्याने औषधे तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत औषधविक्रेत्याकडे सोपविले. मात्र डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यास मुभा ठेवली. मिश्रणाच्या बरण्या मागे पडल्या आणि त्यांच्याबरोबर कंपाउंडरही.

वरवर पाहता ही केवळ सोय वाढली, असे वाटेल. प्रत्यक्षात दवाखान्याच्या अर्थव्यवहाराचा पायाच हलला. बाटली डोळ्यांना दिसत होती, सल्ला दिसत नव्हता. ‘नुसते तपासले आणि कागद दिला, त्याचे पैसे कसले?’ असा प्रश्न रुग्णाच्या मनात उभा राहिला. कित्येक डॉक्टरांनी कागदी पुडीतून दोनतीन दिवसांच्या गोळ्या देण्याची पद्धत चालू ठेवली. कित्येकांनी सुईचा आश्रय घेतला, कारण सुईचे पैसे देताना रुग्ण कुरकुरत नसे. गरज नसता दिलेल्या सुया आणि अर्धवट दिलेली प्रतिजैविके यांचे मूळ पुष्कळसे या अडचणीत आहे. हीसुद्धा बदलाशी केलेली जुळवणीच होती, पण ती रुग्णाच्या हिताची नव्हती. जुळवून घेतलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच असते, असे मानण्याचे कारण नाही.

विश्वास आणि नोंद

जुन्या डॉक्टरची नोंदवही त्याच्या डोक्यात असे. आजोबांचा दमा, आईचे बाळंतपण, मुलीला कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठते, हे सारे त्याला तोंडपाठ असे. कागद ठेवण्याची गरज त्याला वाटत नसे आणि रुग्णही मागत नसे.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे त्यात ठरले. सर्वांनाच विनामूल्य दिली जाणारी सेवा तेवढी त्यातून वगळली गेली. पुढे तो कायदा जाऊन २०१९ चा कायदा आला, तरी डॉक्टरांवरील ही जबाबदारी कायम राहिली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी दाखल रुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवणे आणि मागणी झाल्यास ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले.

या निकालाने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामधला विश्वास संपला, असे अनेक डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे नाही. कोर्टकचेरीच्या भीतीने अनावश्यक तपासण्या लिहून देण्याकडे कल झाला. परंतु या घटनेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डॉक्टरच्या डोक्यातली नोंदवही डॉक्टरबरोबरच नाहीशी होत असे. तो वारला वा गाव सोडून गेला, की साऱ्या कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास पुसला जाई. कागदावरची नोंद रुग्णाच्या हाती राहते आणि पुढच्या डॉक्टरलाही उपयोगी पडते. ज्यांनी नोंद ठेवणे हे केवळ खटल्यापासूनचे कवच न मानता उपचाराचाच भाग मानले, त्यांना या बदलाचा जाच कमी झाला.

मोठ्या इमारतीच्या छायेत

१९८३ मध्ये मद्रास शहरात अपोलो रुग्णालय सुरू झाले आणि भागभांडवलावर चालणाऱ्या रुग्णालयांचे युग भारतात अवतरले. १९९९ च्या कायद्यानंतर विम्याचे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली आणि पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी दिली. या सर्व व्यवस्थांचा रोख मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णाकडे आहे. रुग्णाला दाखल व्हावेच लागू नये म्हणून झटणारा, म्हणजे रक्तदाब वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवणारा किंवा मधुमेहाच्या रुग्णाचे पाय वेळोवेळी तपासणारा डॉक्टर, त्यांच्या हिशेबात क्वचितच येतो.

यातून एक मोह उत्पन्न झाला. रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे वा तपासणी केंद्राकडे पाठवावा आणि त्याबद्दल दलाली घ्यावी, असा तो मोह होय. बोलीभाषेत यालाच ‘कट प्रॅक्टिस’ असे नाव पडले. २००२ च्या नियमांनी तिला स्पष्ट मनाई केली आहे. जो डॉक्टर दलाली घेतो त्याची पाटी स्वतंत्र राहते, पण त्याचा निर्णय स्वतंत्र राहत नाही. तो नकळत दुसऱ्या संस्थेचा नोकर होतो. फरक एवढाच की, त्याच्या पगाराचा भार रुग्णाच्या खिशावर पडतो. दुसरा मार्गही अनेकांनी धरला. चारपाच डॉक्टरांनी एकत्र येऊन जागा, उपकरणे आणि मदतनीस सामाईक ठेवावे, कामाचे तास वाटून घ्यावे, हा तो मार्ग. यात मिळकत वाटली जाते, पण रुग्णाला सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी ओळखीचे भेटते.

साथीची कसोटी

संथ बदलांना जुळवून घेण्यास सवड मिळते, साथ ती सवड देत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात प्लेगची साथ आल्याची वार्ता पसरली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांच्याबरोबर अनेक खाजगी डॉक्टरही गेले. ही गोष्ट नाकारता येणार नाही आणि तिचा केवळ धिक्कार करूनही भागणार नाही. एकटा डॉक्टर आजारी पडला तर दवाखाना बंद होतो आणि मिळकत थांबते. त्याच्या पाठीशी कोणतीही यंत्रणा नसते. धैर्य ही व्यक्तीची गोष्ट खरी, परंतु धैर्याला आधार लागतो.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत हाच प्रश्न देशव्यापी झाला. १८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा लागू करण्यात आला. खाजगी दवाखाने उघडे ठेवावेत, अशा सूचना काही महानगरपालिकांनी काढल्या. त्याच काळात केंद्र शासनाने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली. परंतु आपला दवाखाना उघडा ठेवून रुग्ण तपासताना मृत्यू पावलेल्या डॉक्टरच्या कुटुंबाला तो विमा मिळेल काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. संकटाच्या वेळी समाज ज्याच्यावर अवलंबून राहतो, त्याची गणना कोठे करावी हे समाजाने आधी ठरविलेले नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र त्वरेने पाऊल उचलले गेले. देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, दूरवैद्यकाचे मार्गदर्शक नियम जारी झाले. दूरध्वनीवरून, चित्रसंवादाने वा लेखी संदेशाने सल्ला देण्यास त्यांनी रीतसर मान्यता दिली. या नियमांतील एक भेद फार सूचक आहे. रुग्णाला डॉक्टरने गेल्या सहा महिन्यांत समक्ष तपासले असेल, तर त्याच विकारासाठी दुरून लिहून देता येणाऱ्या औषधांची मर्यादा अधिक विस्तृत आहे. रुग्ण अनोळखी असेल तर ती आखूड आहे आणि काही औषधे तर दुरून मुळीच देता येत नाहीत. ज्या साधनामुळे ओळखीच्या डॉक्टरची गरज संपेल असे वाटत होते, त्याच साधनाच्या नियमांनी पूर्वीच्या ओळखीला कायद्यात स्थान दिले.

तात्पर्य

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे दिसेल की, मिश्रण गेले, कंपाउंडर गेला, डोक्यातली नोंदवही गेली आणि काही वेळा तर समोरासमोरची तपासणीही गेली. उरली ती एकच गोष्ट. तिला अखंड परिचय असे म्हणता येईल. हा माणूस काल कसा होता हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आज त्यात काय बिघडले ते लवकर कळते. व्हिएगश यांना मांडवीत कळले ते असेच. ज्या डॉक्टरांनी इतर सर्व गोष्टींत बदल स्वीकारला आणि एवढे मात्र सोडले नाही, त्यांचे दवाखाने टिकले.

परंतु परिचय पुरेसा नाही. स्वतंत्र असणे म्हणजे एकाकी असणे नव्हे. क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे खाजगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले आणि २०१८ पासून अशा नोंदीसाठी त्यांना मानधनही मिळू लागले. पाटी डॉक्टरचीच राहिली, रुग्णही त्याच्याकडेच राहिला. पण तपासणी, औषधे आणि पाठपुरावा यांसाठी सार्वजनिक यंत्रणेचा हात त्याला मिळाला. १८९६ मध्ये एका डॉक्टरला स्वतः महानगरपालिकेपुढे जाऊन जे सांगावे लागले, ते सांगण्याची वाट आता आखून दिलेली आहे.

त्या वाटेवरून दोन्ही बाजूंनी ये-जा झाली पाहिजे. डॉक्टरने आपल्या रुग्णांची खबर समाजाला द्यावी, आणि समाजाने संकटाच्या दिवशी दार उघडे ठेवणाऱ्या डॉक्टरची काळजी वाहावी. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती आली म्हणजे तापलेल्या मुलाला कडेवर घेऊन आई प्रथम गल्लीतल्या त्या बाकावरच येऊन बसेल. त्या वेळी आतला दिवा लागलेला असावा अशी आपली इच्छा असेल, तर त्याची तरतूद साथ नसतानाच करावी लागेल.