व्हिस्की घेताय? आधी लेबलावरची बारीक ओळ वाचा

आधी वय आणि कागद. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत. २१ ची सवलत फक्त सौम्य बिअर आणि वाइनला. शिवाय मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजन्म १०००. आधार, वयाचा पुरावा आणि फोटो जवळ ठेवा आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करा. एजंट यावर जे काही मागेल, ते त्याच्या खिशात जातं. नेहमी घेत असाल तर एकदाच हजार भरून मोकळे व्हा.

आता भाव. जून २०२५ मध्ये राज्याने कर वाढवला, तेव्हा १८० मिलीच्या क्वार्टरचे किमान दर असे ठरले: देशी ८०, महाराष्ट्र मेड लिकर १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. पालघर, बोईसर किंवा तारापूरला कोणी ‘विदेशी’ क्वार्टर यापेक्षा स्वस्त देत असेल तर ती घेऊ नका. एक तर ती चोरट्या मार्गाने आली आहे, नाहीतर आत भेसळ आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. झाकणाचं सील, बॅच नंबर, उत्पादनाचा महिना आणि एमआरपी यांतलं एक जरी नसलं, तरी बाटली परत करा.

‘महाराष्ट्रातच विक्रीसाठी’ ही ओळ आपल्या पालघर जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाची. दमण जवळ आहे, तिथे कर कमी, म्हणून वापीमार्गे बाटल्या आणायचा मोह होतो. ज्या बाटलीवर दमणच्या विक्रीचा शिक्का आहे, ती महाराष्ट्रात बेकायदा. गाडीत किंवा लोकलमध्ये पिशवीत सापडली तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा, आणि गाडीही जप्त होऊ शकते. वाटेत गुजरात आहे, तिथे दारूबंदी. म्हणजे एकाच फेरीत दोन राज्यांचे कायदे मोडता. बाटलीमागे वाचलेले दोन-तीनशे रुपये वकिलाच्या पहिल्या भेटीतच जातात.

लेबलावर नेमकं काय शोधायचं? ‘ओल्ड’, ‘रिझर्व्ह’, ‘प्रीमियम’ या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका, ते काहीच सिद्ध करत नाहीत. ‘१२’ हा आकडा दिसला तर पुढे ‘वर्षे’ आहे का ते बघा. असेल तर मिश्रणातला सगळ्यात कोवळा मद्यार्क तेवढ्या वर्षांचा आहे. नसेल तर तो नुसता आकडा.

सगळ्यात जास्त फसगत ‘स्कॉच माल्ट’ या शब्दांवर होते. घटकांत न्यूट्रल स्पिरिट आणि सोबत ‘आयात स्कॉच माल्ट’ असं लिहिलं असेल, तर ती भारतीय व्हिस्की आहे. तटस्थ मद्यार्कात थोडं माल्ट मिसळलेलं. पिऊ नये असं नाही, पण स्कॉचचा भाव देऊ नका. खरी स्कॉच स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली असते आणि तिच्यावर ‘स्कॉच व्हिस्की’ असं सरळ छापतात. तीच इथे भरली की ‘बॉटल्ड इन इंडिया’. आतला माल स्कॉचच, आयात बाटलीपेक्षा बरीच स्वस्त, आणि माझ्या मते बहुतेकांसाठी हाच शहाणपणाचा सौदा. तिकडेच भरून आलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर हवा. स्टिकर नाही म्हणजे ड्यूटी-फ्रीची किंवा चोरटी. तिची पुनर्विक्री बेकायदा.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची. ब्लेंडेड माल्टमध्ये अनेक डिस्टिलऱ्यांचं माल्ट. नुसत्या ब्लेंडेडमध्ये धान्याची व्हिस्कीही येते. बर्बन अमेरिकेची, किमान ५१ टक्के मका. अमृत, पॉल जॉन, इंद्री या भारतीय सिंगल माल्ट. त्यांवर बरेचदा वय नसतं म्हणून कमी लेखू नका. आपल्या उष्ण हवेत व्हिस्की लवकर मुरते आणि पिंपातून बाष्प होऊन उडतेही जास्त.

लेबलावर मद्यार्काचं प्रमाण ‘४२.८ टक्के’ लिहिलं काय किंवा ‘७५ प्रूफ’, दोन्ही एकच. स्कॉच किमान ४० टक्के. म्हणजे महागडी बाटली जास्त ‘कडक’ असतेच असं नाही.

परमिट रूममध्ये बसणार असाल तर आधी भागाकार करा. ७५० मिलीत ३० मिलीचे २५ पेग होतात. एमआरपीला २५ ने भागा आणि मेन्यूशी ताडा. बसून पिताना दर जास्त असणारच, पण पेग मोजमापाने भरून घ्या. बिलात मद्यावर १० टक्के व्हॅट येतो, १ नोव्हेंबर २०२३ पासून. मद्यावर जीएसटी नाही, तो फक्त जेवणावर. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, काढायला सांगा. वाइन शॉपमध्ये मात्र एमआरपीवर एक रुपयाही नाही. ‘कूलिंग’चे दहा रुपये मागितले तर बिल मागा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. बनावट किंवा परराज्यातल्या बाटलीसाठी उत्पादन शुल्क विभागाचा टोल-फ्री क्रमांक १८०० २३३ ९९९९.

रात्री बोईसर-चिल्हार रस्त्याने परत जायचं असेल तर रिक्षाचे पैसे आधीच बाजूला काढा. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा पकडलं तरी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.