मखर घरी कापायचंय? स्क्रोल सॉचा खरा खर्च

राज्यात 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरं प्लायवूड नि एमडीएफची होऊ लागली. दिंडोरीत घरीच मखर, नावाची पाटी किंवा देव्हाऱ्याची महिरप कापायची असेल, तर स्क्रोल सॉसारखं यंत्र नाही. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत 16 इंच जागा असलेलं साधं यंत्र साधारण 10 ते 18 हजारांत मिळतं. बिनपिनची पातीही बसतात ना, हे दुकानातच विचारून घ्या, कारण बारीक जाळीच्या भोकातून पिनवालं पातं जात नाही. विजेची काळजी नको. 100 वॉटची मोटर दहा तास चालली तरी एकच युनिट जळतं.

माझं म्हणणं एवढंच, की यंत्राच्या किमतीवर आणखी तीन-चार हजार धरूनच निघा. चष्मा दीड-दोनशेचा. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, ती छातीत जाते, म्हणून एन-95 मास्क हवाच. डझनभर पाती दोनशे ते पाचशेला पडतात आणि ती भराभर तुटतात. उरलेले पैसे अर्थिंगला आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला.

पातं बदलताना आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दात खाली, टेबलाकडे असावेत. पातं ताणून बोटानं छेडलं की तारेसारखा टणकन आवाज यायला हवा. भद्द आवाज आला तर ते सैल आहे. दाबपट्टी लाकडाला टेकवा, नाहीतर फळी पात्याबरोबर वर उसळते. बोटं पात्याच्या समोर नकोत, बाजूला ठेवा. हातमोजे, ओढणी, लोंबती बाही, मनगटातला धागा, सगळं दूर. तुकडा लहान असेल तर दुहेरी चिकटपट्टीनं मोठ्या फळीवर चिकटवून कापा.

लाइट गेली की लोक बाहेर जाऊन बसतात आणि बटण चालूच राहतं. लाइट आली की यंत्र आपोआप सुरू होऊ शकतं, तेव्हा कुणाचा हात टेबलावर असेल सांगता येत नाही. त्यामुळे लाइट गेली की पहिलं काम प्लग काढण्याचं.

पैसे कमी पडत असतील तर यंत्र पुढच्या वर्षी घ्या, तोवर दोन-चारशेच्या हातआरीवर हात बसवा. आरसीसीबी मात्र या महिन्यातच बसवून घ्या.