पत्ता आणि आज्ञा

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक अर्थात बिधाननगर हे उपनगर आहे. एके काळी तेथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. १९६० च्या दशकात हुगळी नदीतील गाळ नळांवाटे आणून ती बुजवण्यात आली व त्या भूमीवर आखीव नगर वसले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचे नाव त्यास देण्यात आले. त्याचा पाचवा सेक्टर आज संगणक उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेचे एक केंद्रही तेथे आहे.

सॉल्ट लेकमधील घराचा पत्ता सेक्टर, ब्लॉकची अक्षरे आणि घराचा क्रमांक यांनी सांगितला जातो. बारा क्रमांकाचे घर अनेक ब्लॉकांत असू शकते. म्हणून नुसता क्रमांक पुरत नाही. संगणकातही फोल्डरच्या आत फोल्डर आणि त्यांत फाइली असतात. फाइलच्या या पत्त्याला ‘पाथ’ म्हणतात.

नवशिक्या प्रोग्रामरला हा पत्ता प्रथम जाणवतो तो कमांड लाइनवर. येथे चित्रांवर टिचकी मारायची नसते. आज्ञा टंकलिखित करायची असते. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स प्रणालीची निर्मिती सुरू केली. तिच्या परंपरेतील अनेक आज्ञा १९९१ साली जन्मलेल्या लिनक्समध्येही चालतात.

या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहितात. ‘पीडब्ल्यूडी’ ही आज्ञा आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते. ‘एलएस’ तेथील फाइलींची यादी दाखवते. ‘सीडी’ लिहून, एक जागा सोडून फोल्डरचे नाव दिले की त्या फोल्डरमध्ये जाता येते. नावाऐवजी दोन टिंबे दिली की एक पायरी वर येता येते. ‘आरएम’ ही आज्ञा मात्र फाइल पुसून टाकते.

येथेच सावधगिरी हवी. एकाच नावाच्या फाइली निरनिराळ्या फोल्डरांत असू शकतात. चुकीच्या ठिकाणी ‘आरएम’ दिल्यास भलतीच फाइल नाहीशी होते. ती कचरापेटीत जात नाही आणि सहसा परतही मिळत नाही. अनेक दिवसांचे काम अशा एका ओळीने नष्ट होऊ शकते. म्हणून सुज्ञ प्रोग्रामर आधी ‘पीडब्ल्यूडी’ व ‘एलएस’ वापरून खात्री करून घेतो. ‘आरएम’ नंतर जागा सोडून ‘-आय’ हे चिन्ह लिहिल्यास संगणक पुसण्यापूर्वी प्रश्न विचारतो.

संगणक दिलेली आज्ञा पाळतो; आज्ञा देणाऱ्याच्या मनातील हेतू त्याला कळत नाही. म्हणून आधी ठिकाण ओळखावे, मगच आज्ञा द्यावी.

स्वाध्याय

१. घराचा पत्ता आणि फाइलचा पाथ यांतील साम्य स्पष्ट करा.
२. ‘आरएम’ वापरण्यापूर्वी कोणत्या दोन आज्ञा द्याव्यात? का?